तेरावं घर

आमच्या बँडला मोजता येत नव्हतं, असं वर्तमानपत्रात छापून आलं त्या रविवारी मी चहात बिस्किट बुडवून बसलो होतो. ते बिस्किट पुन्हा वर आलं नाही. ज्या माणसाने सगळी हयात पाणीपुरवठा खात्याच्या बिल विभागात काढली, ज्याच्या आकडेमोडीवर साहेब डोळे मिटून सही ठोकत, त्याला मोजता येत नाही! बायकोने चमच्याने बिस्किट काढायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "कोण गेलं?" आमच्या वयात पेपर वाचता वाचता माणूस गप्प झाला की पहिला प्रश्न हाच येतो.

कोणी गेलं नव्हतं. रविवारच्या पुरवणीत एक बातमीदार मुलगी जुन्या, विस्मरणात गेलेल्या बँडांवर लिहीत असे. जुन्या नाट्यगृहाची डागडुजी चालली होती, तिथल्या कपाटात तिला आमच्या कार्यक्रमाची एक टेप सापडली. आता टेप सापडली तर माणसाने कौतुक करावं, हळहळावं, 'ते दिवस गेले' म्हणावं. तिने ते सगळं केलं होतं. मोठ्या मनाने केलं होतं. पण शेवटी एक वाक्य ठेवून दिलं होतं: 'उत्साह भरपूर, मोजणी मात्र कच्ची, बारा घरांच्या चालीत ही मंडळी दर फेरीला तेरा घरं वाजवतात.' आणि माझ्याबद्दल? 'सोबत हार्मोनिकाही आहे.' एवढंच! सोबत! पोळ्यांबरोबर लोणचं असावं तशी.

आता हे बारा-तेराचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. आम्ही ब्लूज वाजवत होतो. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, पण ते रडत म्हणायचं नसतं, पाय हलवत म्हणायचं असतं. एक ओळ म्हणायची. मग तीच पुन्हा म्हणायची, कारण दुःख एकदा सांगून कोणी ऐकत नाही. आणि तिसऱ्या ओळीत त्याचा काय तो निकाल लावायचा. एवढ्याला संगीतातले बारा बार लागतात. हा शब्द आमच्या घरी वडिलांसमोर उच्चारायची सोय नव्हती, म्हणून आम्ही 'घरं' म्हणायचो. बारा घरं झाली की एक फेरी पुरी, की पुढचं कडवं. जगभर हेच चालतं. यात तेरावं घर घालणं म्हणजे आठवड्यात आणखी एक वार घालण्यासारखं आहे.

आम्ही चौघे होतो. गिटारवर अण्णा, माझा थोरला मावसभाऊ, याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ड्रमवर पोस्टमास्तर. ते खरोखरच पोस्टमास्तर होते, आणि पाकिटांवर शिक्के मारून मारून त्यांचं मनगट असं काही तयार झालं होतं की पोस्टात रांगेत उभे राहिलेले लोकसुद्धा नकळत मान हलवत. गायला वहिनी, म्हणजे अण्णाची बायको. आणि हार्मोनिकेवर, म्हणजे माउथ ऑर्गनवर, मी. या वाद्याला माझी बायको लग्नाआधीपासून आजतागायत पिपाणी म्हणते.

गाणी वहिनी स्वतः रचायच्या. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं माझ्याच खात्यावर होतं:

"सकाळी उठले, नळाला पाणी नाही,
अगं सकाळी उठले, नळाला पाणी नाही,
पाण्याचा पत्ता नाही, बिल मात्र आलं बाई!"

हे गाणं ऐकून माझ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं आणि तिसरी ओळ बदलता येईल का, अशी तोंडी विचारणा केली होती. वहिनी म्हणाल्या, "पाणी सोडा, ओळ बदलते." दोन्हींपैकी काहीच झालं नाही. या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी, वहिनी पुढची ओळ उचलण्याआधी, माझी एक छोटीशी हरकत असे. सात-आठ सूर, खालून वर जाणारे, आणि वर जाऊन जरा रेंगाळणारे. ती जागा मला कोणी दिली नव्हती, ती माझी होती. खाजगीत सांगायला हरकत नाही, लोक त्या जागेसाठीच येत असावेत, असं मला वाटे.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गेल्यावर अण्णाने गिटार पेटीत घातली, पेटी पलंगाखाली सरकवली आणि बँड तिथेच थांबला. पण दर रविवारी सकाळी अण्णा आणि पोस्टमास्तर माझ्याकडे येत. आम्ही तिघे एखादी जुनी रेकॉर्ड लावत असू, चहा पीत असू, आणि तीच ती भांडणं नव्या जोमाने करत असू. रेकॉर्डवर ओरखडे होते, तिघांच्या कानात बिघाड होता, पण त्या सकाळसाठी मी सगळा आठवडा ढकलत असे. माझ्या आयुष्यात बिलांशिवाय काही घडलं होतं, याला ते दोघेच साक्षीदार उरले होते.

त्या रविवारी दोघेही आले. दोघांच्याही काखेत पेपर होता. रेकॉर्ड लावायलाच कोणी तयार होईना.

"मोजणी ड्रमवाल्याची असते," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाला.

"आणि वाट चुकायची सवय गिटारवाल्याची," पोस्टमास्तर खिडकीकडे बघत म्हणाले.

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काय म्हणायचंय ते तुम्हाला चांगलं कळलंय."

हे दोघे शाळेपासूनचे. एकमेकांना 'तुम्ही' म्हणताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी निश्चिंतपणे चहा टाकायला गेलो असतो. पुढे अण्णा म्हणाला की तुमचा ठेका म्हणजे उतारावर सोडलेली हातगाडी, आणि पोस्टमास्तर म्हणाले की आपल्या गिटारचा पत्ता अपुरा असायचा, म्हणून ती कुठेच वेळेवर पोचायची नाही. चहा न घेता दोघे उठले. जिन्यात 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही' असं झालं आणि मग दोघे एकदमच निघाले, त्यात पोस्टमास्तरांचा खांदा कठड्याला लागला. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी एकट्याने रेकॉर्ड लावून पाहिली. भांडायला कोणी नसेल तर ब्लूज ऐकवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा मी ठरवलं की या अन्यायाला वाचा फोडायची. तेरावं घर नव्हतंच, असं सिद्ध झालं की दोष कोणाचाच नाही, आणि दोष कोणाचाच नाही म्हटल्यावर दोघे मुकाट्याने चहाला येतील. साधा हिशोब होता. संपादकांना एक पत्र लिहायचं, की झालं.

पत्र लिहिताना मी एक घोडचूक केली. दार उघडं ठेवलं. आमच्या इमारतीत उघडं दार दिसलं की लोक त्याला आमंत्रण समजतात. वरच्या मजल्यावरचे वकील आत आले आणि म्हणाले, "पत्र कसलं लिहिता? नोटीस द्या. मोजणी कच्ची म्हणजे अब्रूनुकसानी आहे, विशेषतः तुमचं खातं बघता." त्यांनी 'आमचे अशील' या शब्दांनी सुरू होणारा एक परिच्छेद सांगितला. मग खालच्या मजल्यावरचे गणिताचे सर आले. त्यांचा प्रश्न मूलभूत होता. "मुळात बाराच का? हे कोणी सिद्ध केलंय?" मी म्हटलं, सर, ते तसंच असतं. सर म्हणाले, "तसंच असतं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर नापास केलंय." त्यांचाही परिच्छेद पडला. शेवटी पत्राने एवढं बाळसं धरलं की पाकिटात मावेना.

संपादकांनी त्यातलं एकच वाक्य छापलं: 'बारा घरांबाबत लेखिकेने उपस्थित केलेला मुद्दा विचार करण्यासारखा आहे.' मूळ वाक्य पुढे 'असे कोणाही सुज्ञ माणसाला वाटणार नाही' असं होतं. खाली माझी सही होती. त्या दिवशी दूधवाल्यानेही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

आणि मग रसिक जागे झाले. आपल्या गावात ब्लूज ऐकणारे इतके लोक आहेत हे आम्ही वाजवत होतो तेव्हा कळलं असतं तर पहिल्या तीन रांगा तरी भरल्या असत्या. वाचकांच्या पत्रव्यवहारात दर रविवारी धुरळा उडू लागला. एका दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं की तेरा घरं हीच खरी परंपरा, जुने गवई एकटेच वाजवत तेव्हा मनाला येईल तेवढी घरं घेत, कधी अकरा, कधी साडेतेरा; बारा हा नंतरच्या कारकुनांचा शोध आहे. 'कारकून' हा शब्द त्यांनी कोणाला उद्देशून वापरला हे मला विचारावं लागलं नाही. त्यावर एका लग्नाच्या बँडवाल्याने उलट लिहिलं की तेरा घरं वाजवली तर वरात पुढे जाते आणि बँड मागे राहतो, त्याला परंपरा म्हणत नाहीत. बघता बघता बारावाले आणि तेरावाले असे दोन तट पडले. आम्हाला प्रत्यक्ष ऐकलेला त्यात एकच इसम निघाला. त्याने लिहिलं, 'मोजणीचं माहीत नाही, पण हार्मोनिका मात्र फार लांबवत असे.' हे पत्र बायकोने कापून आरशाला चिकटवलं.

अण्णा आणि पोस्टमास्तर हे सगळं आपापल्या घरी वाचत होते आणि आणखी आणखी घट्ट होत होते. अण्णाच्या दुकानात मी गेलो तर तो एका रेडिओच्या पोटात डोकं घालून म्हणाला, "तो विषय सोड. कोणी काय मोजायचं ते मोजू दे. दोष ड्रमचा होता म्हणून सांग आणि मिटव." पोस्टमास्तरांकडे गेलो तर ते म्हणाले, "गिटारचा होता. लिहून टाका तसं. वाढवू नका." दोघांनाही प्रकरण मिटायला हवं होतं, फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर. मला फार राग आला. इतकी वर्षं एकत्र वाजवून ही किंमत!

शेवटी त्या बातमीदार मुलीचाच फोन आला. आवाज गोड होता, आणि त्यामुळे मला तिच्यावर धड चिडताही येईना. "काका, तुम्ही तिघे पुन्हा एकदा वाजवाल का? मी ऐकायला येते. बारा निघाली तर चूक माझी, पुढच्या रविवारी तसं लिहिते."

मी दोघांकडे स्वतंत्रपणे गेलो. अण्णाला म्हटलं, पोस्टमास्तर म्हणतात तुला मोजता येत नाही. पोस्टमास्तरांना म्हटलं, अण्णा म्हणतो तुमचं मनगट गेलं. दोघेही यायला तयार झाले. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी घोडं अडवलं. घरात वाद्यं वाजवायची तर आवाजाचा परवाना आणा. परवान्याच्या कचेरीतला कारकून माझ्याच जातीचा निघाला, म्हणजे दुसऱ्या खात्यातला पण त्याच मातीचा. त्याने छापील अर्ज पुढे सरकवला. "कारण काय लिहू? लग्न, वाढदिवस, सभा की बांधकाम?"

"ब्लूज."

त्याने अर्ज उलटा करून पाहिला. "तसा रकाना नाही."

"मग 'इतर' नाही का?"

"'इतर'ला वरच्या साहेबांची सही लागते, आणि साहेब रजेवर आहेत. तुमच्यात ठोकाठोकी असते का?"

मी म्हटलं, ड्रम असतात. तो म्हणाला, "मग बांधकामात बसतं." आणि त्याने मनापासून शिक्का मारला. मी अर्ज घडी करून खिशात घातला. रकान्याबाहेरच्या माणसाला रकान्यात बसवण्याचं सुख काय असतं, ते मला ठाऊक आहे.

परिणाम असा झाला की सेक्रेटरींनी जिन्यात फळ्यावर लिहिलं: 'तिसऱ्या मजल्यावर आज दुपारी तोडफोडीचं काम.' वकील धावत आले, कारण आमच्या दिवाणखान्याची भिंत त्यांच्या कपाटाखाली येते. ते भिंत वाचवायला आले आणि खुर्ची मिळाल्यावर बसून राहिले. गणिताचे सर मोजायला आले. दातांचे डॉक्टर आमंत्रण नसताना आले. म्हणाले, तेरावाल्यांचा निरीक्षक हवा. बातमीदार मुलगी एक छोटा टेपरेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसली. बायको चहाचे कप मोजत होती आणि पुटपुटत होती.

पोस्टमास्तर ड्रम न घेता आले. त्यांच्या मोठ्या ड्रमवर सूनबाईंनी काच टाकून टेबल केलं होतं आणि त्यावर फुलदाणी होती. तेव्हा माळ्यावरून आमची जुनी पत्र्याची ट्रंक काढली, जोडीला बिस्किटांचा रिकामा डबा आणि एक उलटं पातेलं ठेवलं. अण्णाने गिटारची पेटी उघडली. तारा नव्या होत्या. म्हणजे बदलून आणल्या होत्या, पण मला कळवलं नव्हतं.

"पोस्टमास्तरांना विचार, सुरू करायचं का," अण्णा मला म्हणाला. पोस्टमास्तर त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"त्यांना सांगा, आम्ही केव्हाचे तयार आहोत," पोस्टमास्तर मला म्हणाले.

मी दोन्ही निरोप पोचवले. सर बोट वर करून उभे राहिले आणि आम्ही सुरू केलं. सर मोठ्याने घरं मोजत होते. "एक... दोन..." अण्णा ओठांनी मोजत होता, पोस्टमास्तर मानेने. "अकरा... बारा!" आणि लगेच "एक!" फेरीमागून फेरी बारा. एक घर इकडे नाही, तिकडे नाही. चोख. आणि इतकं बेचव, की दवाखान्यात नंबर पुकारल्यासारखं वाटायला लागलं. दातांचे डॉक्टर तर तशा ठिकाणी राहायची सवय असूनही चुळबुळ करू लागले. त्यात माझी वेगळीच पंचाईत. मी हरकतीसाठी श्वास घ्यावा, की पुढची फेरी सुरू झालेली! माझी जागाच कुठे दिसेना. तीन फेऱ्या झाल्या, मी तीनदा फुगलो आणि तीनदा तसाच राहिलो. शेवटी मी थांबवलं.

"माझी जागा कुठे गेली?" मी विचारलं.

अण्णा खुंट्या पिळायला लागला, पोस्टमास्तर ट्रंकेची कडी बघायला लागले.

"बारा!" सर म्हणाले. "सिद्ध झालं." वकिलांनी टाळी वाजवली. मुलगी म्हणाली, "काका, हे बाराच आहे, कबूल. पण टेपवर असं नाही. मी आणलीय बरोबर. लावू?"

"नको!" अण्णा आणि पोस्टमास्तर एकदम ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं.

मी चकित झालो. सत्य समोर ठेवलंय आणि दोघे नको म्हणतात? मी बिल विभागातला माणूस. मीटर उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, "लाव. होऊन जाऊ दे." पोस्टमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी हार्मोनिका ट्रंकेत घालून ते वर बसले असते. पण तोवर मुलीने बटण दाबलं होतं.

आधी खरखर. मग गिटार. मग पोस्टमास्तरांचा तो ठेका, तरणाबांड. आणि मग वहिनी.

"सकाळी उठले, नळाला पाणी नाही..."

मला त्यांचा आवाज पाठ आहे असं मी समजत होतो. तो नव्हता पाठ. मला वाटत होता त्यापेक्षा तो खूप तरुण होता आणि त्यात हसू होतं, दुःखाच्या ओळीतसुद्धा. अण्णाने मान खाली घातली. त्याच्याकडे वहिनींचा आवाज नव्हता. गावातले सगळे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने बायकोचा आवाज म्हणून कधी साठवला नव्हता. घरातच आहे की, म्हणून.

सरांची बोटं चालू होती. बारा घरं झाली. वहिनी आल्या नाहीत. गिटार आणि ड्रम आणखी एक घर चालत राहिले, काही घाई नसल्यासारखे. त्या घरात माझी हरकत आली, खालून वर, आणि वर जाऊन रेंगाळली. मग वहिनींनी कडवं उचललं.

"तेरा," सर हळूच म्हणाले. पुढच्या फेरीलाही तेरा. त्याच्या पुढच्याही.

"म्हणजे गाणाऱ्या बाईच दर वेळी उशिरा..." वकिलांनी सुरुवात केली.

"चूक माझी होती!" पोस्टमास्तर ट्रंकेवरून उठले. "लिही मुली. ठेका माझाच सांडायचा. त्यामुळे गाणाऱ्याला कळायचं नाही कुठे उचलायचं."

"काही सांडायचा नाही तुझा ठेका!" अण्णा उसळला. "गिटार माझी रेंगाळायची. माझं नाव घाल. हा उगाच अंगावर घेतोय."

"तू गप रे!"

"तू गप! पाकिटं बडव जा!"

दोघे एकमेकांना 'तू' म्हणत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडत होता. दोघांना पहिल्यापासून ठाऊक होतं! पेपर वाचला त्या सकाळीच दोघांना कळलं होतं की ते तेरावं घर वहिनींचं आहे. गेलेल्या बाईला पेपराने नावं ठेवू नयेत म्हणून अण्णाने ते ड्रमवर ढकललं आणि पोस्टमास्तरांनी गिटारवर. एकमेकांची अब्रू काढली, बैठक मोडली, पण तिचं नाव कोणी घेतलं नाही. आणि मी? मी पत्र लिहून, फोन घेऊन, परवाना काढून, गाव गोळा करून प्रकरण नेमकं तिच्यापर्यंतच आणून सोडलं होतं. वर माझी ती जागा, जिच्यासाठी लोक येतात असं मला वाटायचं, ती जागा म्हणजे वहिनींची वाट बघत थांबलेल्या मंडळींचा विरंगुळा होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण मी तिसऱ्या मजल्यावर होतो.

या गोंधळात टेप बंद करायचं कोणाला सुचलं नाही. गाणं संपलं होतं. टाळ्या झाल्या, त्याही संपल्या. मुलगी म्हणाली, "इथून पुढे काही नाही. मी इथपर्यंतच ऐकलंय." गाण्यावर लिहिणारी माणसं गाणं संपलं की बंद करतात. ती बटणाकडे हात नेणार, तोच टेपमधून वहिनींचा आवाज आला. माइकसाठी नव्हता तो, बाजूला कोणाशी तरी बोलत होत्या, दम लागला होता आणि हसत होत्या.

"बघितलंस ना? आजपण थांबले. तिघांतला एकही पुढे गेला नाही."

मग स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको म्हणाली, "ते त्या मला म्हणाल्या होत्या. मी विंगेत पाणी घेऊन उभी होते. आमचं नुकतंच ठरलं होतं." तिने पदराला हात पुसले. "पहिल्या कार्यक्रमाला त्यांना धाप लागली होती, म्हणून एक घर उशीर झाला. तर हे तिघे थांबले. मग पुढे धाप नसायची, तरी त्या मुद्दाम एक घर घ्यायच्या. म्हणायच्या, जगात कोणी थांबत नाही गं आपल्यासाठी. हे थांबतात. मला ते रोज बघायचं असतं."

"इतकी वर्षं तू मला बोलली नाहीस?" मी म्हटलं.

"बोलून काय उपयोग होता?" ती म्हणाली. "मोजायला लागला असतात."

अण्णाने चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा काढला. पोस्टमास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मनगटाच्या सवयीने दोनदा थोपटलं.

मुलीच्या हातातलं पेन तसंच होतं. "काका," ती म्हणाली, "मग मी काय छापू?"

"छाप की," अण्णा म्हणाला, "तेराच होती. तू मोजलंस ते बरोबर आहे. फक्त आम्ही चुकलो नव्हतो. आम्ही थांबलो होतो."

मग कोणी सांगितलं नाही, पण त्याने गिटार मांडीवर घेतली. पोस्टमास्तर ट्रंकेवर वळले. सरांनी बोट वर केलं, मग काय वाटलं कोण जाणे, हात खिशात घातला. बारा घरं कधी संपली ते कळलं नाही, पण संपल्यावर तिघेही थांबलो. कोणी पुढे गेलं नाही. मी हार्मोनिका तोंडाला लावली, आणि तितक्यात दारातून आमच्या सौभाग्यवतींनी कडवं उचललं, "सकाळी उठले, नळाला पाणी नाही..." जन्मात कधी न गायलेला आवाज. सूर चांगलाच खाली.

अण्णा हसला. दुसऱ्या ओळीला त्याने न बोलता गिटार तिच्या पट्टीत आणली, पोस्टमास्तरांनी ठेका सावरून धरला आणि दातांचे डॉक्टर पाय हलवायला लागले. हार्मोनिकेला मात्र पट्टी बदलता येत नाही, आणि त्या पट्टीची माझ्याकडे नव्हती. तेव्हा मी ती खिशात ठेवली आणि बायकोचं गाणं ऐकत बसलो.